चारचौघांत हसायचं की नाही?

ताई,
मी ३५ वर्षांची. इंदिरानगरात भाड्याच्या वन बीएचकेत आठ वर्षांच्या मुलीबरोबर राहते. अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. गेल्या वर्षी संमतीनं घटस्फोट झाला, मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. मारहाण म्हणाल तर दोनदाच. बाकी सगळं मोजूनमापून असायचं. पगार झाला की एटीएम कार्ड त्याच्याकडे, भाजीचा हिशेब रुपयापर्यंत, माहेरी फोन केला तर स्पीकरवर. संध्याकाळी त्याच्या गाडीचा आवाज आला की आम्ही मायलेकी बोलत असलो तरी गप्प व्हायचो.

आता अडचण अशी की मी फार मजेत आहे. खरंच. रात्री साडेदहाला मॅगी करून खातो. रविवारी मिसळ खायला जातो, लेक तर्री माझ्या वाटीत ओतते आणि जिलबी दोघींची मिळून एकटी संपवते. गेल्या महिन्यात तिच्या हातून पातेलंभर दूध सांडलं. ती आधी दाराकडे बघायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की कुणी येणार नाहीये. आम्ही दोघी त्या ओल्या फरशीवर बसून हसत सुटलो.

पण परवा मामेभावाच्या साखरपुड्यात मी कशाला तरी मोठ्यानं हसले, तर आईनं कोपरानं ढोसलं. "चारचौघांत एवढं हसू नकोस. लोक म्हणतील, हिलाच नको होता संसार." तेव्हापासून नातेवाइकांत गेले की मी जरा तोंड पाडूनच बसते. त्या दिवशी घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "आई, मामाकडे तुझं पोट दुखत होतं का?"

वैशाखात त्याच भावाचं लग्न आहे. दिवाळीच्या बोनसमधून मी येवल्याची पैठणी घेतली, स्वतःच्या पैशानं पहिलीच. आई म्हणते, ती नको, साधी सिल्क नेस. आणि कधी कधी मुलगी बाबांची आठवण काढून रडते, तेव्हा वाटतं माझी ही मजा तिच्या जिवावर चालली आहे. तो मुलीच्या पोटगीचे पैसेही तीन महिन्यांतून एकदा देतो, पण मी मागत नाही. मिळालेली शांतता जायला नको. माझं काही चुकतंय का?
– दोघींतली मोठी, नाशिक

* * *

दोघींतल्या मोठीस,

तुझं पत्र वाचताना मी पोटदुखीपाशी थांबले. पोरीनं अगदी बरोबर हेरलं. तोंड पाडून बसलेल्या माणसाचं काहीतरी दुखत असणार, एवढं आठव्या वर्षी कळतं. काय दुखतंय ते तुला सांगता आलं नाही, कारण दुखत काहीच नव्हतं.

आपल्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती तुला माहीतच आहे. गंगेला पूर आला की सगळं नाशिक एकमेकांना विचारतं, पाणी कुठवर आलं? मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, की छातीला? त्याला पुढून एक आणि मागून एक अशी दोन तोंडं आहेत आणि ती त्याला शोभतात, देवच आहे तो. तू मात्र घरी एक आणि मामाकडे एक अशी दोन तोंडं वागवायला लागलीस, आणि दोन्ही बाजूंनी उभी राहून बघणारी एक मुलगी तुझ्या घरात आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी आई टाकलेली होती. तेव्हा हाच शब्द होता, भांडं टाकावं तसा. वडिलांनी दुसरं घर केलं, घटस्फोट वगैरे काही झालाच नाही. १९७०च्या आसपासची गोष्ट. पंचवटीतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि आई शिवणकाम करायची. दिवसा वाड्यातल्या बायकांसमोर तिचा चेहरा असा असायचा, की कुणीही उंबऱ्यात टेकावं आणि "बिचारी" म्हणून उठून जावं. रात्री दाराला कडी लागली की तीच बाई नकला करायची. समोरच्या काकू दूधवाल्याशी कशा भांडतात, घरमालक भाडं मागताना आधी कसा खोकतो, गिऱ्हाईक बाई "अंगात जरा सैल ठेवा हं" म्हणत श्वास कसा रोखून धरते. मी उशीत तोंड खुपसून हसायचे. आवाज बाहेर जाता कामा नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं होतं.

त्याचं फळ मला फार उशिरा कळलं. मला नोकरी लागली, लग्न झालं, नवरा भला मिळाला. तरी चाळिशीपर्यंत कुणी सहज जरी म्हटलं, "काय, मजेत दिसतेस!" तरी काळजात धस्स व्हायचं. हात धरून चोरी पकडावी तसं. आपल्याला आनंद झाला तर तो कुणाच्या तरी घरून उचलून आणलेला आहे, असं काहीसं डोक्यात बसलं होतं. ते त्या उशीतून आलेलं.

आईला मी दोष देत नाही. बिचारेपण हे तिचं रेशनकार्ड होतं. त्याच्यावर शिवायला कपडे यायचे, त्याच्यावर भाडं पंधरा दिवस थांबायचं. मोठ्यानं हसणारी टाकलेली बाई वाड्यात कुणी ठेवून घेतली नसती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारच्या संगमनेरात परित्यक्तांची परिषद भरली, अशा बायका व्यासपीठावर उभ्या राहून आपली गाऱ्हाणी मोठ्यानं सांगू लागल्या, तेव्हा आई साठीला आली होती. तिनं पेपरातली बातमी मला वाचायला लावली, पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि मग उठून शिवणयंत्रावर बसली.

तुला त्या कार्डावर काय मिळतं? पगार अंबडहून थेट तुझ्या खात्यात येतो, भाडं तू भरतेस. मग रेशनच्या रांगेत कशाला उभी राहतेस?

आता आईचं ते वाक्य. "लोक म्हणतील, हिलाच नको होता संसार." अगं, म्हणू देत की. खरंच आहे ते. ज्यात पोर दूध सांडल्यावर दाराकडे बघते, तो संसार तुला नको होता, म्हणून तू सोडलास. यात खोटं काय आहे? एखाद्या मामीनं तोंडावर विचारलंच तर "हो, नकोच होता" एवढंच म्हणायचं आणि तिच्या ताटात मठ्ठा वाढायचा. पुढचा प्रश्न सहसा येत नाही. आला तर त्या मामीचं स्वतःचंच काही साचलेलं असतं, तिचं ऐकून घे.

आईवर मात्र रागावू नकोस. तिनं तुला आजवर दोनच ठिकाणी पाहिलं आहे: सासरी दबून बसलेली आणि माहेरी रडत आलेली. तुझं हे घर तिनं पाहुणी म्हणून पाहिलं असेल, चहा पिऊन गेली असेल. तिला चार दिवस मुक्कामाला बोलाव. घर आवरून ठेवू नकोस. रात्री साडेदहाच्या मॅगीला तिला बसव. "ही काय खायची वेळ आहे का?" असं ती म्हणेलच, आणि मग वाटी पुढे करेल. ज्या आईनं मुलीला हसताना पाहिलेलंच नसतं तिला ते हसणं धोक्याचं वाटतं. सवय झाली की कोपर आपोआप खाली येतं.

तुझ्या मजेच्या यादीत मला दुधाचा प्रसंग सगळ्यात मोठा वाटला. नवऱ्यापासून सुटलेल्या बाईची मजा म्हटली की लोकांना वाटतं हिंडणं-फिरणं, हॉटेलं, हौसमौज. ते सगळं नंतर येतं. पहिल्यांदा विसावतात ते कान. इतकी वर्षं तू कानानं जगलीस: गेटचा आवाज, गाडीचं स्टँड, जिन्यावरची पावलं जड आहेत की हलकी, किल्ली टेबलावर ठेवली की आपटली. त्यावरून संध्याकाळ कशी जाणार ते ठरायचं. ते कान आता मोकळे झाले आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पोरगी बाथरूममध्ये गाणं म्हणते ते ऐकू येतं. तुझ्या लेकीची मान त्या दिवशी आधी दाराकडे वळली आणि मग परत तुझ्याकडे वळली. ते परत वळणं तू तिला दिलंस. त्यासाठी नोकरी केलीस, तारखांना सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात खेपा घातल्यास, डिपॉझिट जमवलंस. आणि आता त्याचीच लाज वाटून घेतेस.

पैशाचंही तसंच. तू अकाउंट्सची बाई, हिशेब आताही लिहीत असशीलच, पण आता तो कुणाच्या सहीसाठी नाही. त्यातले थोडे पैसे हिंडण्यावर घाल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुझ्या मुलीला वयामुळे अर्धं. सप्तशृंगीला जा, कंडक्टरला ऐटीत "दोन हाफ" सांगायचं, दोघींचं मिळून एकच तिकीट होतं. पावसाळ्यात मारुतीला पाणी कुठवर आलं ते पुलावरून दाखव, लांबूनच. वाचायची गोडी असेल तर सार्वजनिक वाचनालयात तिचं नाव घाल. १८४० सालची संस्था आहे, पावसाच्या शनिवारी तिच्यासारखा आसरा नाही.

आणि पांडवलेणी तर तुमच्या उशाशीच आहेत. रविवारी मिसळीच्या आधी चढून या, म्हणजे जिलबीचा हिशेब बरोबर होईल. तिथे तिसऱ्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे, गौतमी बलश्री या राणीचा. तिनं त्यात आपल्या मुलाचे पराक्रम कोरून घेतले आहेत. तो मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. एवढा सातवाहन राजा, आणि ओळखला जातो आईच्या नावानं. त्याचा मुलगा तसाच, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. अक्षरं ब्राह्मीतली आहेत, मुलीला वाचता येणार नाहीत, तुलाही नाही, मलाही नाही. पण दगडावर बोट ठेवून सांग, की अठराशे वर्षांपूर्वी आपल्या या डोंगरात आईचं नाव असं लिहिलं गेलं. शाळेत कुणी "तुझ्या बाबांचं नाव काय" म्हणून खोचकपणे विचारलं तर तिच्याकडे सांगायला एक राजा असेल.

आपल्या सरकारला तिथवर पोचायला जरा वेळ लागला. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर आहे. तुझी मुलगी त्याआधीची, तिला सक्ती नाही. पण बाकीच्या वाटाही मोकळ्या झाल्या आहेत. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव चालतं. पॅन कार्डालाही डिसेंबर २०१८ पासून एकल आईच्या मुलांना वडिलांच्या नावाची सक्ती उरलेली नाही. तुला एवढंच करायचं आहे, की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे ज्यात ताब्याचं कलम आहे त्या कागदाच्या, दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेव. झेरॉक्सवर काही खिडक्यांवर काम अडतं.

कागदांचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. पीएफला नॉमिनी कोण आहे? विम्याला? बँकेतल्या एफडीला? मला पत्र लिहिणाऱ्या कितीतरी बायका घटस्फोटाला पाच वर्षं झाली तरी नॉमिनी म्हणून त्याच माणसाचं नाव घेऊन फिरत असतात. उद्या ऑफिसात गेलीस की आधी हे बघ. मुलीचं नाव घाल, आणि ती सज्ञान होईपर्यंत रक्कम कुणाच्या हाती यावी त्याचंही नाव घाल, भाऊ असेल, बहीण असेल. हे काम मजेचं नाही, पण ते झालं की रात्रीची झोप आणखी चांगली लागते.

आता जिथे तुझं मला पटलं नाही तिथे येते. पोटगी. "मी मागत नाही, शांतता जायला नको." ते पैसे तुझे असते तर मी म्हटलं असतं, सोड, त्याच्या तोंडाला लागण्यापेक्षा बरं. पण कोर्टानं ते मुलीसाठी ठरवून दिले आहेत. मुलीचे पैसे माफ करायचा हक्क तुला कुणी दिला? कुठल्या महिन्यात आले, कुठल्या महिन्यात नाही, याची नोंद काढ, तुला तर ते दहा मिनिटांचं काम. मग त्याला फोन करू नकोस, मेसेजवर वाद घालू नकोस, वकिलामार्फत वसुलीचा अर्ज कर. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७च्या कायद्यानं स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगार आहे म्हणून लाजायचं कारण नाही. (पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या आयांसाठी: हातात पगार नसेल तर राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, एकल पालकांच्या मुलांना त्यात महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा.) कायद्याची भाषा कायद्याला बोलू द्यावी, तुमच्या घरात त्याचा आवाज येणार नाही.

मुलगी रडते त्याबद्दल. रडू दे गं. ज्या माणसाच्या गाडीच्या आवाजानं ती गप्प व्हायची, त्याच माणसानं कधीतरी तिला खांद्यावर घेऊन गोदाघाटावर जत्रा दाखवली असेल, सायकल धरून पळाला असेल. ते तिचं आहे, ते तिच्यापाशी राहू दे. ती "बाबा हवे होते" म्हणते तेव्हा तुला वाटतं, ती तुझ्या निर्णयावर सही करायला नकार देते आहे. आठ वर्षांच्या पोरीकडे सही मागायला जाऊ नये. "हो गं, आठवण येणारच," म्हणायचं आणि जवळ घ्यायचं. बाबा कसे वाईट होते ते सांगायचं नाही, कसे चांगले होते ते रचून सांगायचं नाही. तुझी मजा तिच्या जिवावर चालली आहे असं म्हणतेस. तिची आठवण आणि तुझं हसणं एकाच घरात, कधी कधी एकाच संध्याकाळी नांदू शकतं. आपल्याकडे श्रावणात ऊन आणि पाऊस बरोबर येतात, त्याची कुणी तक्रार करत नाही.

उलट मला भीती दुसरीच आहे. तुझ्या पत्रात "दोघी" हा शब्द पुन्हा पुन्हा आला. गोड आहे. पण सांभाळ. "मुलगी माझी मैत्रीण, माझा आधार" असं काही वर्षांनी म्हणायला लागशील, आणि मग तिला मैत्रिणीकडे राहायला जायचं असेल तेव्हा तुझा चेहरा बघून ती घरी थांबेल. मी थांबायचे. आईच्या रात्रीच्या नकलांना प्रेक्षक मी एकटीच होते ना, मी गेले तर त्या कुणापुढे करणार? म्हणून तुझ्या हसण्याला आणखी चार माणसं जोड. कारखान्यातल्या मैत्रिणी, मजल्यावरच्या शेजारणी, भिशी, भजनी मंडळ, काहीही. रात्री दोन वाजता पोरीला ताप चढला तर कुणाचं दार वाजवायचं हेही त्यातूनच ठरतं. अशा रात्री येणार, एकटीनं सगळं ओढताना चिडचिड होणार, एखाद्या महिनाअखेरीला मॅगीसुद्धा जपून खावी लागणार. त्या दिवशी "बघ, मजा संपली" असं म्हणू नकोस. थकलेली असशील, बस्स.

पुन्हा लग्न कर म्हणून सांगणारे भेटतील. मनात आलं तर बघ, नाही आलं तर विषय बदल. त्यावर मी आणखी शाई घालवत नाही.

राहिली पैठणी. नेस. रंग कोणता ते लिहिलं नाहीस, ते मला कळव. साधी सिल्क पुढच्या कुठल्याही सत्यनारायणाला चालेल. येवल्याच्या माणसानं मागावर बसून ती विणली आहे, ती कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांसाठी नव्हे. आईला आधी दाखव, निऱ्या तिच्याकडूनच घालून घे. ज्या साडीच्या निऱ्या आपण धरल्या तिला मग फार नावं ठेवता येत नाहीत. मांडवात मुलीला शेजारी बसव आणि हसू आलं तर हस. पोटाचं कुणी विचारणार नाही.

आणि ब्लाउज शिवायला टाकलास का? वैशाखातलं लग्न म्हणतेस, म्हणजे शिंप्याकडे आताच गठ्ठे लागले असतील आणि तो "पुढच्या आठवड्यात या" म्हणायला लागला असेल. शिंपिणीची मुलगी आहे, माहीत आहे मला. लग्नाची तारीख त्याला खरी सांगू नकोस, आठ दिवस अलीकडची सांग. उरलेलं कापड परत माग, त्यात मुलीला एक बटवा होईल.